दोष माणसाचा की पद्धतीचा?
डॉ. विल्यम एडवर्ड्‌स डेमिंग यांची जीवनकथा

माझा पुतण्या पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. मागच्या दिवाळीत तो इंदूरला आला, तेव्हा फराळ करता करता त्याच्या कामाच्या गोष्टी निघाल्या. रोज सकाळी त्यांची पंधरा मिनिटांची बैठक उभ्याउभ्याच होते. काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत पाडलेले असते. प्रत्येक तुकडा झाला की ग्राहकाला दाखवायचा, काय चुकले ते पाहायचे आणि पुढचा तुकडा हाती घ्यायचा. या पद्धतीला ॲजाइल म्हणतात, म्हणजे चपळ, असे त्याने समजावून सांगितले. वहिनींना एवढेच कळले की एवढ्या मोठ्या कंपनीत बसायला खुर्च्या नाहीत.

मी मात्र जरा चमकलो. पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा करताना औद्योगिक व्यवस्थापनाच्या विषयात एका चाकाचे चित्र होते. योजना करा, करून पाहा, परिणाम तपासा, सुधारणा करा आणि पुन्हा पहिल्यापासून. चित्राखाली डेमिंग हे नाव होते. परीक्षेत त्यावर प्रश्न येत असे आणि चाक काढून बाण दाखवले की गुण मिळत. हा डेमिंग कोण, त्याने हे चाक कशासाठी फिरवले, हे ना आम्ही विचारले ना कोणी सांगितले. पुतण्या गेल्यावर मी या माणसाविषयी मिळेल ते वाचत गेलो. जे समजले ते आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे ठेवतो आहे. मी काही व्यवस्थापनशास्त्राचा पंडित नाही. राज्य शासनाच्या सेवेतला एक साधा उपयंत्री आहे. पण या माणसाच्या आयुष्याने मला माझी स्वतःची एक जुनी चूक दाखवली, म्हणून हा लेखनप्रपंच.

विल्यम एडवर्ड्‌स डेमिंग यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९०० रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या सू सिटी या गावी झाला. वडील कोर्टकचेरीची लहानसहान कामे करीत. आई संगीत शिकलेली होती आणि पियानोच्या शिकवण्या घेत असे. एडवर्ड सात वर्षांचा असताना कुटुंब पश्चिमेला वायोमिंगमध्ये गेले. तिथे शोशोनी नदीचे पाणी कालव्यांनी आणून सरकार ओसाड जमीन लागवडीखाली आणीत होते आणि वसायला येणाऱ्यांना जमिनी देत होते. डेमिंग कुटुंबाला पॉवेल या नव्या गावाजवळ ४० एकर मिळाले, पण ती जमीन काही धड पिकली नाही. राहायला डांबरी कागद ठोकलेले लाकडी खोपट होते आणि त्या भागातली थंडी हाडे गोठवणारी. लहानगा एडवर्ड शाळा सुटल्यावर हॉटेलात सरपण वाहून नेई आणि संध्याकाळी गावातले रस्त्यावरचे दिवे लावी. वस्तू वाया घालवायची नाही, ही सवय त्याला त्या दिवसांत लागली ती कायमची. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही ते घरातल्या अंड्यांवर तारीख घालून ठेवीत, म्हणजे जुने अंडे आधी वापरले जाईल. आपल्याकडच्या काटकसरी आजींना ही गोष्ट लगेच पटेल.

१९१७ मध्ये ते वायोमिंग विद्यापीठात दाखल झाले आणि पडेल ते काम करून खर्च भागवीत १९२१ मध्ये विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. त्यानंतर कोलोरॅडो विद्यापीठातून गणित आणि भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि १९२८ मध्ये येल विद्यापीठातून गणिती भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. शिक्षण चालू असताना १९२५ आणि १९२६ च्या उन्हाळी सुट्ट्यांत त्यांनी शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात नोकरी केली. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हा कारखाना टेलिफोनची यंत्रे बनवीत असे आणि तिथे चाळीस हजारांच्या घरात माणसे काम करीत. जितके नग तितके पैसे, असा हिशेब होता. तयार नग तपासायला निरीक्षकांची वेगळी फौज होती आणि नग नापास झाला की त्याचा भुर्दंड करणाऱ्यावर पडे. संध्याकाळचा भोंगा झाला की जिन्यात उभे राहू नकोस, घरी पळणाऱ्या बायकांच्या लोंढ्यात चिरडशील, असे तिथल्या लोकांनी या नव्या मुलाला बजावले होते म्हणे. ज्या जागेतून माणसे इतक्या घाईने सुटू पाहतात, त्या जागेत काहीतरी मुळातच चुकले आहे, ही गोष्ट डेमिंग यांच्या मनात तेव्हापासून राहिली.

हे वाचताना मला माझे आजोबा आठवले. ते इंदूरच्या एका कापडगिरणीत साच्यावर होते. कापडात दोष निघाला की विणकराला दंड होई, असे ते सांगत. सूत कच्चे असो, साचा जुना असो, हवा कोरडी पडून धागा तुटत असो, दंड विणकरालाच. गिरणीचा भोंगा बंद होऊन आता कित्येक वर्षे झाली. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या नावाने झांक्या मात्र अजून निघतात. झांकी पाहताना मला आजोबांचा तो दंड आठवतो.

शिक्षण संपल्यावर डेमिंग वॉशिंग्टनला सरकारच्या कृषी खात्यात नोकरीला लागले. म्हणजे पुढे जगभरच्या कारखान्यांना शिकवणारा हा माणूस मुळात आपल्यासारखाच सरकारी नोकर होता! घरी मात्र दुःख वाट्याला आले. पत्नी ॲग्नेस १९३० मध्ये वारली आणि मागे दत्तक घेतलेली लहान मुलगी राहिली. १९३२ मध्ये त्यांनी लोला शूप यांच्याशी विवाह केला. त्या स्वतः गणित जाणणाऱ्या आणि खात्यात त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या होत्या. पुढची चोपन्न वर्षे त्यांची सोबत टिकली.

याच काळात डेमिंग यांना गुरू भेटले. त्यांचे नाव वॉल्टर शूहार्ट. टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या या शास्त्रज्ञाने मे १९२४ मध्ये आपल्या वरिष्ठांना एका पानाची टिपणी दिली होती. त्यात एक साधा आलेख होता. आजही जगातल्या कारखान्यांत तो नियंत्रण आलेख म्हणून वापरला जातो. त्यामागची कल्पना आमच्या बांधकामाच्या उदाहरणाने सांगतो. काँक्रीट ओतताना आम्ही त्याच मालाचे १५० मिलिमीटर बाजूचे ठोकळे भरतो आणि अठ्ठावीस दिवसांनी ते यंत्राखाली दाबून फोडतो. एकाच मालाचे, एकाच माणसाने भरलेले ठोकळेसुद्धा कधी एकाच आकड्याला फुटत नाहीत. कोणी थोडा वर, कोणी थोडा खाली. हा चढउतार असणारच हे भारतीय मानकांनीही गृहीत धरले आहे. म्हणून एम-२० काँक्रीट हवे असेल तर मिश्रण २० चे नाही, सरासरी २६.६ चे ठरवतात, म्हणजे खाली येणारे ठोकळेही बहुतेक २० च्या वरच राहतील.

शूहार्ट यांचे म्हणणे असे की चढउतार दोन जातींचे असतात. एक, कामाच्या पद्धतीतच मुरलेला, रोजचा. दुसरा, काही खास कारणाने अचानक आलेला, म्हणजे यंत्र बिघडले, चुकीचा माल आला. आलेखावर गणिताने दोन रेषा आखता येतात. रेषांच्या आतला चढउतार रोजचा आणि बाहेर गेलेला खास. खास कारण शोधून काढावे. रोजचा चढउतार कमी करायचा तर पद्धत बदलावी लागते आणि पद्धत बदलणे कामगाराच्या हातात नसते. रोजच्या चढउताराला खास समजून कोणाला तरी झोडपले, तर सुधारणा तर होत नाहीच, उलट घडी आणखी विस्कटते.

डेमिंग यांनी हा विचार पकडला आणि तो कारखान्याबाहेर नेला. १९३६ मध्ये ते लंडनला जाऊन सर रोनाल्ड फिशर यांच्याकडे संख्याशास्त्र शिकून आले. १९३८ मध्ये त्यांनी शूहार्ट यांना कृषी खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत व्याख्यानांसाठी बोलावले आणि पुढच्या वर्षी ती व्याख्याने स्वतः संपादित करून पुस्तकरूपाने काढली. १९३९ मध्ये ते जनगणना खात्यात गेले. १९४० च्या अमेरिकन जनगणनेत काही प्रश्न सगळ्यांना न विचारता नमुन्यादाखल निवडलेल्या थोड्या लोकांना विचारले गेले, त्या नमुना पद्धतीमागे डेमिंग यांचा मोठा वाटा होता. कागद हाताळणाऱ्या कारकुनांच्या कामालाही त्यांनी शूहार्ट यांचा आलेख लावला. ज्यांच्या चुका कमी त्यांचे प्रत्येक कार्ड तपासणे थांबवले आणि काम झपाट्याने पुढे सरकले. कचेरीतल्या कामालाही हे शास्त्र लागू पडते, हे तिथे सिद्ध झाले.

दुसऱ्या महायुद्धात शस्त्रास्त्रांचे कारखाने रात्रंदिवस चालू झाले तेव्हा डेमिंग यांच्या सूचनेवरून १९४२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियंत्यांसाठी वर्ग सुरू झाले. बघता बघता हजारो लोक हे तंत्र शिकले. मालाची नासाडी कमी झाली, उत्पादन वाढले. पण युद्ध संपले आणि सगळे पुसले गेले. जगातले बाकीचे कारखाने बॉम्बने उद्ध्वस्त झालेले होते. अमेरिकेत जे बनेल ते खपत होते. मग गुणवत्तेची काळजी कोण करतो? अभियंत्यांच्या आलेखांना वरच्या खुर्चीत बसलेल्यांनी विचारले नाही आणि आलेख कपाटात गेले. डेमिंग यांनी यातून एक धडा घेतला. आपण ज्यांना शिकवले ते हाताखालचे लोक होते. पद्धत बदलण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता, त्यांच्यापर्यंत आपण पोहोचलोच नाही. १९४६ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली, स्वतंत्र सल्लागार म्हणून काम सुरू केले आणि न्यूयॉर्क विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवू लागले.

१९४७ मध्ये अमेरिकन लष्करी प्रशासनाने त्यांना जपानला नेले, ते तिथल्या जनगणनेच्या तयारीला मदत करण्यासाठी. टोकियो बेचिराख झालेले होते आणि लोक उपाशी होते. जिंकलेल्या देशाचे पाहुणे सहसा आपल्याच गोटात राहत. डेमिंग मात्र जपानी संख्याशास्त्रज्ञांना जेवायला बोलावीत, त्यांच्याबरोबर नाटके पाहत, हिंडत. या स्नेहाचे फळ तीन वर्षांनी मिळाले. जपानी शास्त्रज्ञ आणि अभियंते यांच्या संघटनेने त्यांना १९५० मध्ये गुणवत्तेवर व्याख्याने देण्यासाठी बोलावले.

त्या वर्षीच्या जुलैत टोकियोत आठ दिवसांचा वर्ग झाला. उकाडा असह्य होता, पण दोनशेहून अधिक अभियंते खाली मान घालून टिपणे घेत होते. डेमिंग यांना मात्र युद्धकाळातली चूक आठवत होती. पुन्हा फक्त अभियंत्यांनाच शिकवले तर पुन्हा तेच होणार. म्हणून त्यांनी संघटनेचे अध्यक्ष इचिरो इशिकावा यांच्याकडे आग्रह धरला. इशिकावा देशातल्या उद्योगपतींच्या महासंघाचेही प्रमुख होते. १३ जुलैला त्यांनी देशातल्या एकवीस बड्या उद्योगपतींना जेवणाला बोलावले आणि डेमिंग त्यांच्याशी बोलले.

त्यांनी तिथे आणि पुढे हाकोने इथल्या बैठकीत जे मांडले ते एका चित्रात मावणारे होते. कच्चा माल देणारा, कारखाना, विक्री आणि ग्राहक ही सगळी एकच साखळी आहे. ग्राहकाचे काय म्हणणे आहे ते परत कारखान्यात आणा, त्यावरून वस्तूत सुधारणा करा, पुन्हा विका, पुन्हा विचारा. हे चाक थांबू देऊ नका. आमच्या पाठ्यपुस्तकातले चाक ते हेच. जपानी लोक त्याला डेमिंग चक्र म्हणू लागले, पण स्वतः डेमिंग आयुष्यभर ते शूहार्ट यांचेच म्हणून सांगत राहिले. गुरूचे ऋण त्यांनी कधी दडवले नाही. तिसऱ्या पायरीला नुसती तपासणी म्हणण्यापेक्षा अभ्यास म्हणावे, असाही त्यांचा आग्रह असे. तपासणीत पास की नापास एवढेच कळते आणि अभ्यासात का ते कळते. तुमचा माल पाच वर्षांत जगाच्या बाजारात मागणी खेचेल, असा विश्वास त्यांनी त्या उद्योगपतींना दिला. त्या वेळी जपानी वस्तू म्हणजे स्वस्त आणि टाकाऊ, अशी ख्याती होती. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना तो विश्वास खरा वाटला असेल, देव जाणे. पण त्यांनी सांगितले तसे करून पाहिले.

त्या व्याख्यानांच्या पुस्तकाचे मानधन डेमिंग यांनी घेतले नाही. संघटनेने त्या पैशांतून १९५१ मध्ये त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू केले. आज उद्योगजगतात डेमिंग पारितोषिकाचा मान फार मोठा आहे. १९६५ मध्ये ते टोयोटा कंपनीला मिळाले. आपल्या मराठी मुलखाशी त्याचा धागा असा की कांदिवली आणि नागपूरच्या कारखान्यांत ट्रॅक्टर बनवणाऱ्या महिंद्रच्या विभागाने २००३ मध्ये हे पारितोषिक मिळवले. १९६० मध्ये जपानच्या सम्राटांच्या वतीने डेमिंग यांचा मोठा सन्मान झाला. जपानच्या यशाचे सगळे श्रेय एकट्या डेमिंग यांचे, असे म्हणणे बरोबर होणार नाही. जोसेफ जुरान १९५४ मध्ये तिथे गेले आणि त्यांनीही पुष्कळ शिकवले. काओरू इशिकावा, टोयोटाचे ताइची ओनो यांच्यासारख्या जपानी माणसांनी आपल्या बुद्धीने कितीतरी नवे घडवले. पण वरच्या माणसांनी आधी शिकले पाहिजे, हे त्यांच्या गळी उतरवण्यात डेमिंग यांचा हात मोठा होता.

आणि त्यांच्या स्वतःच्या देशात? तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हते. वॉशिंग्टनमधल्या साध्या घराच्या तळघरात त्यांची कचेरी होती आणि मदतीला एक सचिव बाई होत्या. विद्यापीठात शिकवणे, रेल्वे आणि मालवाहतुकीच्या कंपन्यांना नमुना पद्धतीचा सल्ला देणे आणि फावल्या वेळात चर्चसाठी संगीतरचना करणे, असा त्यांचा क्रम चालू राहिला. अशी तीस वर्षे गेली.

१९८० उजाडले तेव्हा अमेरिकन बाजार जपानी गाड्या आणि टीव्ही संचांनी भरला होता आणि अमेरिकन कारखाने बंद पडू लागले होते. जपानला जे जमते ते आपल्याला का जमत नाही, या प्रश्नावर एनबीसी वाहिनी कार्यक्रम करीत होती. निर्मात्या बाईंना शोधता शोधता कळले की जपानला हे शिकवणारा माणूस त्यांच्याच शहरात, काही मैलांवर राहतो. २४ जून १९८० च्या रात्री तो कार्यक्रम दाखवला गेला आणि तळघरातला टेलिफोन खणखणू लागला. डेमिंग तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते.

फोन करणाऱ्यांत फोर्ड मोटार कंपनी होती. १९८० ते १९८२ या तीन वर्षांत फोर्डला तीनशे कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला होता. डेमिंग आले आणि गाड्यांच्या दोषांविषयी बोलण्याऐवजी साहेबलोकांच्या कामकाजाविषयी विचारू लागले. दोष बहुतांशी पद्धतीत असतात आणि पद्धत साहेबांची असते, हे त्यांनी तोंडावर सांगितले. बोलणे गोड करणे त्यांना जमत नसे. फोर्डच्या वरिष्ठांनी ते ऐकून घेतले हे विशेष. त्याच सुमारास टॉरस नावाची नवी गाडी तयार होत होती. पूर्वी आराखडा करणारे आपले काम करून पुढच्या खात्याकडे ढकलीत. या वेळी आराखडा, उत्पादन, विक्री आणि सुटे भाग पुरवणारे सुरुवातीपासून एकत्र बसले आणि कारखान्यातल्या कामगारांच्याही सूचना घेतल्या. गाडी लोकांना आवडली. १९८६ मध्ये फोर्डचा नफा जनरल मोटर्सच्या पुढे गेला. असे १९२० च्या दशकानंतर प्रथमच घडत होते.

त्यानंतर डेमिंग यांनी देशभर चार-चार दिवसांची शिबिरे घेतली. त्यातला एक खेळ फार प्रसिद्ध आहे. एका पेटीत चार हजार मणी, त्यांतले आठशे लाल आणि बाकीचे पांढरे. श्रोत्यांतून सहा जण कामगार म्हणून व्यासपीठावर बोलावले जात. प्रत्येकाने पन्नास खाचांचे फळकूट पेटीत बुडवून एका वेळी पन्नास मणी काढायचे. पांढरे मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे दोष. डेमिंग स्वतः कडक मुकादम बनत. ज्याचे लाल मणी कमी त्याला बक्षीस, ज्याचे जास्त त्याला तंबी. दुसऱ्या फेरीत बक्षीसवाल्याचे लाल मणी वाढत, मग तो शेफारला असे मुकादम म्हणे. तंबी मिळालेल्याचे कमी येत, मग तंबीचा उपयोग झाला असे म्हणे. भिंतीवर घोषवाक्ये लागत. शेवटी वाईट कामगारांना काढून टाकत आणि उरलेल्यांकडून जास्त काम घेत. लाल मणी येतच राहत, सरासरी दहाच्या आसपास. सभागृह हसून लोटपोट होई. मग हळूहळू हसू थांबे, कारण प्रत्येकाला आपली कचेरी आठवू लागे. पेटीत पाचवा हिस्सा लाल मणी असताना बिचारा कामगार काय करणार? आणि पेटीत मणी कोणी भरले?

मलाही हे वाचताना एक प्रसंग आठवला आणि हसू आले नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका लहान पुलाच्या कामावर मी देखरेखीला होतो. एका पावसाळ्यात काही ठोकळ्यांचा निकाल नेहमीपेक्षा खाली आला. नापास नव्हता, पण खाली होता. विचारणा झाली. मिक्सर चालवणारा निमाडातला एक मजूर होता, तो निष्काळजी आहे असा शेरा मी लिहिला आणि ठेकेदाराने त्याला काढून टाकले. नवा माणूस आला. पुढच्या महिन्यातही आकडे तसेच वरखाली झाले. खरे कारण पुढे लक्षात आले. वाळू उघड्यावर पडलेली होती. पाऊस पडला की ती पाणी धरी आणि वर मिक्सरमध्ये आम्ही ठरलेल्या बादल्या ओततच होतो. जास्त पाणी झाले की काँक्रीट दुबळे होते, हे डिप्लोमाच्या पोरालाही माहीत असते. वाळूतला ओलावा मोजून पाणी कमी करायला सांगणे माझे काम होते. वाळूवर ताडपत्री टाकून घेणे माझे काम होते. त्या मजुराच्या हातात फक्त बादली होती. मी त्याचा रोजगार घालवला आणि वाळू तशीच भिजत राहिली.

डेमिंग यांनी साहेबलोकांसाठी चौदा सूत्रे लिहिली. कामाच्या जागेतली भीती घालवा. खात्याखात्यांतल्या भिंती पाडा. शेवटी तपासून गुणवत्ता येत नाही, ती करतानाच आणावी लागते. केवळ सर्वांत कमी किमतीवर माल घेऊ नका. घोषणा आणि आकड्यांची लक्ष्ये लटकवून काम होत नाही. माणसांची दरवर्षी प्रतवारी लावणे त्यांना सर्वांत घातक वाटे, कारण त्यामुळे माणूस कामाकडे पाहायचे सोडून साहेबाच्या शेऱ्याकडे पाहू लागतो. सी. आर. लिहिली जाण्याच्या दिवसांत कोणत्याही सरकारी कचेरीत डोकावले तर याचा अर्थ कळेल. सरकारी पैशाला हिशेब द्यावा लागतो, त्यामुळे सर्वांत कमी किमतीची निविदा आम्हाला एका दिवसात सोडता येणार नाही, हेही खरे. पण स्वस्त वाळू शेवटी किती महाग पडते, ते मी पाहिले आहे.

१९८६ मध्ये लोलाबाई वारल्या. १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी डेमिंग यांना तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय पदक दिले. सन्मान आले, पण ते थांबले नाहीत. चाकाच्या खुर्चीतून, नाकाला प्राणवायूची नळी लावूनही ते शिकवत राहिले. १९९३ मध्ये त्यांचे शेवटचे पुस्तक आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी आपले अखेरचे शिबिर घेतले आणि २० डिसेंबरला वॉशिंग्टनमधल्या राहत्या घरी त्यांनी देह ठेवला. वय होते त्र्याण्णव.

आता पुन्हा पुतण्याच्या उभ्या बैठकीकडे येतो. १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी जपानी कंपन्या नवी वस्तू इतक्या लवकर कशी बनवतात यावर लेख लिहिला. सगळ्या खात्यांची माणसे एक चमू होऊन, रग्बीच्या खेळाडूंसारखी एकत्र पुढे सरकतात, असे त्यांनी दाखवले. तिथूनच स्क्रम हा शब्द सॉफ्टवेअरमध्ये आला. २००१ च्या फेब्रुवारीत सतरा सॉफ्टवेअर तज्ज्ञ अमेरिकेतल्या युटा राज्यात जमले आणि त्यांनी ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्या सतरांतले एक, स्क्रमचे प्रवर्तक जेफ सदरलँड यांनी आपल्या पद्धतीचे मूळ डेमिंग यांच्या चक्रात असल्याचे लिहिले आहे. दोन आठवड्यांचा तुकडा म्हणजे त्या चाकाचा एक फेरा.

एक इशाराही सांगायला हवा. जपानबाहेरच्या ज्या कंपनीला पहिल्यांदा डेमिंग पारितोषिक मिळाले, ती फ्लोरिडातली वीज कंपनी. १९८९ ची गोष्ट. तिथे गुणवत्तेच्या नावाखाली कागद आणि तक्ते इतके वाढले की कर्मचारी कंटाळले आणि पुढच्याच वर्षी नव्या प्रमुखांनी त्यातले बरेचसे बंद केले. चाक फिरवण्याऐवजी चाकाचे चित्र काढत बसले की असे होते. आम्हीही परीक्षेत तेच करीत होतो. रोज उभे राहून बैठक घेतली आणि चूक सांगायची भीती तशीच राहिली, तर पाय तेवढे दुखतील.

जाता जाता आपल्या उत्सवातली एक गोष्ट. मागच्या वर्षी महाप्रसादाच्या दिवशी शेवटच्या पंगतीला भात कमी पडला. विसर्जनानंतरच्या बैठकीत कोठी सांभाळणाऱ्या तरुण कार्यकर्त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून फैलावर घेतले. घेणाऱ्यांत मीही होतो. तो उठून गेला आणि नंतर महिनोन्‌महिने मंडळात फिरकला नाही. हे सगळे वाचल्यावर मी जुने कागद काढून बसलो. शिधा भरण्याची यादी चार दिवस आधी जाते आणि कूपनांची विक्री आदल्या रात्रीपर्यंत चालू असते. त्याच्या आधीच्या दोन वर्षांतही शेवटच्या पंगतीला ओढाताण झालेली होती. तेव्हा कोठीवर वेगळी माणसे होती. लाल मणी पेटीतच होते.

मी ते कागद घेऊन त्याच्या घरी गेलो. चूक तुझी नव्हती, आमच्या पद्धतीची होती, एवढे सांगायला मला फार जड गेले. पण सांगितले. या वर्षी कूपनविक्री शिध्याच्या यादीआधी बंद होणार आहे आणि ही सूचना त्यानेच केली आहे. कोठीही तोच सांभाळणार आहे. तरीही काही कमी-जास्त झाले तर आपण बसून अभ्यास करू आणि पुढच्या वर्षी सुधारू. निमाडातल्या त्या मजुराला शोधून हे सांगणे आता माझ्या हातात राहिलेले नाही.

गणपती बाप्पा मोरया!